तात्पुरती सांभाळायला आणलेली मांजर नऊ दिवस वॉशिंग मशीनच्या मागेच बसून आहे. तिला परत द्यावे का?

सायलीचा वेल, 26 सप्टेंबर

सर्वांना नमस्कार.

आम्ही दोघे गेल्या डिसेंबरपासून दक्षिण जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, क्राइशगाउ या टेकड्यांच्या आणि द्राक्षमळ्यांच्या प्रदेशातील एका लहान गावात राहतो. यजमान वाल्डॉर्फ येथील सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहेत आणि माझे भाषांतराचे काम घरूनच चालते. गावात एक चर्च, एक बेकरी, अग्निशमन दलाची शेड आणि तासाला एक बस एवढेच आहे. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो आणि खाली घरमालक राहतात. शेजारच्या घरात ऐंशी ओलांडलेल्या एक आजी एकट्या राहतात. त्या आम्हाला अजूनही ‘झी’, म्हणजे आपल्याकडचे अहो-जाहो, करतात, पण आमची विचारपूस केल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही.

येथील प्राण्यांच्या आश्रयगृहाला टीअरहाइम म्हणतात. तेथे जागा कमी पडू लागली की काही मांजरे कुटुंबांकडे तात्पुरती सांभाळायला दिली जातात. आमच्याशी झालेल्या करारानुसार मांजर आश्रयगृहाच्याच मालकीचे राहते, औषधपाण्याचा खर्च तेच करतात आणि तिला कायमचे घर मिळेपर्यंत जागा आणि देखभाल आमची. घरमालकांची लेखी परवानगी घेऊन 17 सप्टेंबरला आम्ही मिंकाला घरी आणले.

मिंका अंदाजे सहा वर्षांची आहे. पांढऱ्या अंगावर काळे आणि तांबूस पट्टे आहेत. अशा तिरंगी मांजरीला येथे ‘ग्ल्यूक्सकात्से’, म्हणजे भाग्याची मांजर, म्हणतात. तिच्या मालकीणबाईंना वृद्धाश्रमात जावे लागले आणि तेथे मांजर नेता आले नाही. नसबंदी, लसीकरण आणि चिप हे सर्व झालेले आहे. आश्रयगृहाच्या कागदावर तिच्याविषयी ‘शांत, माणसाळलेली’ एवढे दोनच शब्द लिहिलेले होते.

पहिल्या संध्याकाळी मी बास्केटचे दार दिवाणखान्यात उघडले आणि ती जमिनीला पोट घासत सरळ न्हाणीघरात जाऊन वॉशिंग मशीनच्या मागे शिरली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे नाक आणि मिशा मशीनच्या कडेला दिसल्या, आणि नेमकी त्याच क्षणी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. त्यानंतर दोन दिवस ती दिसलीच नाही. सध्या येथे द्राक्षांची तोडणी चालू असल्यामुळे पहाटेपासून ट्रॅक्टर घराखालून जातात आणि प्रत्येक वेळी खिडक्यांच्या काचा थरथरतात. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजी पलीकडच्या घरातील दोन मुलांना घेऊन तिला पाहायला आल्या. त्या प्रेमाने आल्या होत्या आणि मला त्यांना नाही म्हणता आले नाही. चौथ्या दिवशी मी एक चूक केली, जी येथे सांगायलाच हवी: तिला जरा बऱ्या खोलीत न्यावे म्हणून मी मशीन पुढे ओढले आणि तिला दोन्ही हातांनी बाहेर काढले. तिने मनगटावर ओरखडले, पण त्याचे मला काही वाटले नाही. मला आठवते ते तिचे काळीज. ते माझ्या तळव्याखाली इतक्या वेगाने धडधडत होते की मी तिला लगेच खाली ठेवले आणि ती पुन्हा मशीनमागे गेली.

ती रात्री खाते. दहा वाजता भरलेली वाटी सकाळी रिकामी असते आणि वाळूच्या ट्रेमध्येही रात्रीतून एकदा-दोनदा जाऊन आल्याच्या खुणा असतात. दिवसा मात्र ती हलत नाही आणि तोंडातून आवाजही काढत नाही. आजी म्हणतात की त्यांच्या लहानपणी मांजरे गोठ्यात राहायची आणि आपोआप रुळायची. साताऱ्याहून आई फोनवर म्हणाली, “कुत्रा माणसाला धरतो आणि मांजर घराला.” तेव्हापासून माझ्या मनात तेच घोळते आहे, की जिचे घरच सुटले तिने आता कशाला धरायचे? आमच्याकडे ती राहणार तीही थोडेच दिवस. म्हणजे इथे रुळली तरी पुन्हा एकदा तिला उपटून दुसरीकडे लावायचे. अशा वेळी तिला परत देऊन थेट कायमच्या घराची वाट पाहू देणे अधिक बरे, की येथेच ठेवणे? ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

नदीकाठ, 26 सप्टेंबर

सायली, परत देऊ नका.

मी नेदरलँड्समध्ये लेक नदीच्या काठावरील एका खेड्यात राहते आणि गेल्या दहा वर्षांत चौदा मांजरे आमच्या घरातून पुढे गेली आहेत. त्यांतील पाच तरी पहिले दोन आठवडे कपाटाच्या, पलंगाच्या किंवा मशीनच्या मागे होती. नऊ दिवस हा काळ माणसाला मोठा वाटतो; मांजराच्या हिशेबाने ती नुकतीच आली आहे. येथे सांभाळ करणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असे ढोबळ टप्पे सांगतात: पहिले तीन दिवस केवळ भीतीचे, तीन आठवड्यांत घराचे वेळापत्रक कळते आणि तीन महिन्यांनी ते घर तिचे होते. प्रत्येक मांजर या मापात बसत नाही, पण मिंका रात्री खाते आहे आणि ट्रे वापरते आहे, याचा अर्थ तुम्ही झोपलात की ती घराची पाहणी करते आहे. तिने काम सुरू केले आहे; फक्त ते तुम्हाला दिसत नाही.

तिला लपू देणे म्हणजे तिची हेळसांड नव्हे. उट्रेख्त विद्यापीठातील संशोधकांनी 2014 मध्ये आश्रयगृहात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपण्यासाठी खोके दिले आणि काहींना दिले नाहीत. ज्यांना खोके मिळाले त्यांचा ताण लवकर उतरला. तेव्हा मशीनमागची जागा बंद करण्याआधी तिच्यासमोर दुसरी, अधिक चांगली जागा ठेवा. एक साधे पुठ्ठ्याचे खोके घ्या आणि त्याला दोन बाजूंनी दोन दारे कापा, म्हणजे आपण कोंडले गेलो असे तिला वाटणार नाही. त्यात तुमची न धुतलेली जुनी सुती ओढणी आणि आश्रयगृहातून तिच्याबरोबर आलेले फडके ठेवा. हे खोके न्हाणीघरातच, मशीनपासून हातभर अंतरावर राहू द्या. वाटी ट्रेपासून दूर असावी आणि पाणी वाटीपासूनही थोडे दूर असावे. हे न्हाणीघरच पुढचे काही दिवस तिचे घर आहे असे धरा. सगळे घर एकदम उघडे मिळाले की भेदरलेले मांजर आणखी आक्रसते.

आता तुमच्या आईंच्या वाक्याविषयी. माझ्या अनुभवात मांजर भिंतींना धरत नाही. ते वासाला आणि वेळेला धरते. म्हणून खाणे रोज त्याच वेळी, त्याच वाटीत, त्याच शब्दाने ठेवा. वाटी ठेवून लगेच निघून जाऊ नका आणि तिच्याकडे पाहतही बसू नका. जमिनीवर बसा, तिच्याकडे पाठ किंवा खांदा करा आणि तुमचे भाषांतराचे काम हळू आवाजात वाचा. वीस मिनिटे झाली की उठा. हे सकाळ-संध्याकाळ करा. तिची आणि तुमची नजर भेटलीच तर डोळे अर्धे मिटून, सावकाश उघडा. ससेक्स विद्यापीठातील अभ्यासकांनी 2020 मध्ये हे तपासून पाहिले आहे; माणसाने सावकाश डोळे मिचकावले तर मांजरेही तसे करतात आणि अनोळखी माणसाकडे यायलाही अधिक तयार होतात.

आणखी एक काम आजच करा. आश्रयगृहाला फोन करून पहिल्या मालकीणबाईंच्या घरची दिनचर्या विचारा: त्या किती वाजता उठत, मिंका कोठे झोपे, घरात रेडिओ असे की टीव्ही, तिला हाक कशी मारत. ‘शांत, माणसाळलेली’ हे वर्णन काहीच सांगत नाही.

यावरून माझी स्वतःची चूक सांगते, कारण तात्पुरता सांभाळ करणाऱ्याचे खरे काम कोणते हे मला तिच्यामुळे कळले. आमच्याकडे आलेली दुसरी मांजर, एक करडी, पाचव्या आठवड्यात माझ्या मांडीवर झोपू लागली. मला इतका आनंद झाला की तिच्या माहितीपत्रकात मी ‘अतिशय लाडकी, कोणाशीही जमते’ असे लिहिले. तीन लहान मुले असलेल्या घराने तिला नेले आणि बारा दिवसांत ती परत आली, शेपटीच्या मुळाशी स्वतःचेच केस चाटून काढलेल्या अवस्थेत. ती माझ्याशी जमवून घेत होती, आणि तेही संध्याकाळी, घर शांत असताना. मी जे पाहिले ते लिहिले नाही. मला जे वाटले ते लिहिले. तेव्हापासून मी वही ठेवते. किती वाजता बाहेर आली, कोणत्या आवाजाला बिचकली, किती वेळाने पुन्हा आली, कोणी हात लावलेला चालला आणि कोठे चालला. तुमची कुकरची शिट्टी ही त्या वहीतील पहिली नोंद आहे. ती लिहून ठेवा, तारखेसह.

‘पुन्हा उपटून लावायचे’ ही तुमची वेदना मला कळते. पण आश्रयगृहाच्या पिंजऱ्यात घाबरून बसलेल्या मांजराला पाहायला येणारा माणूस पुढच्या पिंजऱ्याकडे वळतो, आणि चुकून नेलेच तर चुकीच्या घरी नेतो. तुमच्याकडे ती कशी आहे हे समजून घेतले जाईल. तेवढ्यासाठीच हे घर आहे.

परळचा पशुवैद्य, 27 सप्टेंबर

मी मुंबईच्या परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि सध्या बायर्न राज्यातील एका दवाखान्यात काम करतो. नदीकाठ यांनी सांगितलेल्या गोष्टींशी मी सहमत आहे. वैद्यकीय बाजू तेवढी जोडतो.

वाटी रोज वजन करून ठेवा. ‘वाटी रिकामी होती’ एवढे पुरेसे नाही, किती ग्रॅम गेले हे कळले पाहिजे. मांजराने पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्यांना फोन करावा, आणि दोन दिवस वाट मुळीच पाहू नये, कारण उपाशी मांजराच्या, विशेषतः अंगाने भरलेल्या मांजराच्या, यकृतात चरबी साठत जाते आणि तो आजार जिवावर बेततो. चोवीस तासांत लघवीच झाली नाही तर त्याच दिवशी दाखवावे. येथे रविवारी सर्व बंद असते, म्हणून पाळीवर असलेल्या आणीबाणीच्या पशुवैद्यांचा क्रमांक आत्ताच फ्रीजवर लावून ठेवा. रात्री, शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी या सेवेचे 50 युरोंचे वेगळे शुल्क असते आणि उपचारांचे दर दुपटीपासून चौपटीपर्यंत लागतात. मांजर आश्रयगृहाचे असल्याने अशा वेळी कोणाला कळवायचे आणि खर्च कोणी द्यायचा हे त्यांच्याकडून लेखी घ्या, म्हणजे ऐन वेळी तुम्ही बिलाचा विचार करत दारात थांबणार नाही.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसलो ती. तुमच्या घराच्या खिडक्या वरच्या बाजूने आत कलत असतील. जर्मनीतील बहुतेक घरांत तशाच असतात आणि हवा खेळावी म्हणून लोक त्या कलत्या ठेवून बाहेर जातात. मिंका घरात हिंडू लागली की प्रथम खिडकीच जोखेल. मांजर त्या फटीतून बाहेर पडायला उडी मारते, पाय घसरतो आणि ते खाली निमुळत्या होत गेलेल्या जागेत पोटापाशी अडकते. सुटायला धडपडते तितके आणखी खाली जाते. मागच्या पायांचा रक्तपुरवठा तुटतो, पाठीच्या कण्यावर दाब येतो, आणि काही तासांत ते मरते किंवा मागचे पाय कायमचे जातात. या प्रकाराला येथील पशुवैद्यकात स्वतंत्र नावच आहे, इतका तो ठरलेला आहे. मी अशा मांजरांना टेबलावर पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी घरातील माणूस एकच वाक्य म्हणतो, की आम्ही फक्त बेकरीत गेलो होतो. फटीच्या दोन्ही बाजूंना लावायच्या जाळ्या प्राण्यांच्या दुकानात मिळतात. त्या बसवेपर्यंत खिडकी एकतर बंद ठेवा किंवा तुम्ही त्या खोलीत असतानाच उघडा.

आपल्या स्वयंपाकघरासाठीही दोन शब्द. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात, शिजवलेला असला तरीही. त्यामुळे रश्शातील चिकनचा तुकडा देऊ नये. मांजराला दूध ही आपल्याकडची जुनी सवय आहे, पण मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना ते पचत नाही आणि ताणाच्या काळात तर नकोच. देवापुढचा कापूर त्यांना विषारी आहे. दिवाळीला कोणी फुलांचा गुच्छ आणला आणि त्यात लिली असेल तर तो घरात घेऊ नका. अंगाला लागलेले परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात.

सायलीचा वेल, 27 सप्टेंबर

दोघांचेही मनापासून आभार. खिडकीचे वाचून मी उठून सगळ्या खिडक्या बंद केल्या. न्हाणीघराची खिडकी रोज कलतीच असायची.

आश्रयगृहात फोन केला. तेथील बाईंनी जुनी फाइल काढून सांगितले की मालकीणबाई पहाटे सहाला उठत, स्वयंपाकघरात रेडिओ लावत आणि मिंका त्यांच्याबरोबर बाकावर बसे. त्या गावच्या बोलीतच बोलत. मी मिंकाशी मराठीत बोलते आणि यजमान इंग्रजीत, म्हणजे गेले दहा दिवस तिच्या कानावर ओळखीचा एक शब्दही पडलेला नाही, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

एक अडचण राहतेच. आजी रोज विचारतात की मुलांना घेऊन कधी येऊ. त्या एकट्या आहेत, हिवाळ्यात आम्ही आलो तेव्हा बर्फ कसा काढायचा ते त्यांनीच दाखवले होते. त्यांना न दुखवता कसे सांगावे?

वाल्डॉर्फकर, 28 सप्टेंबर

मी वाल्डॉर्फमध्ये अकरा वर्षे राहिलो आणि आता तुमच्याच भागातील एका गावात आहे, म्हणून शेजाऱ्यांविषयी लिहितो.

आपल्याकडे ‘येऊ नका’ असे तोंडावर सांगणे म्हणजे नाते तोडणे, म्हणून आपण कारणे पुढे करत राहतो आणि समोरच्याला समजेल अशी आशा धरतो. येथे ती कारणे शब्दशः घेतली जातात. पाहुणे आहेत म्हटले तर आजी पाहुणे जाईपर्यंत थांबतील आणि पुन्हा विचारतील. तुम्ही सरळ सांगा, की मांजर फार घाबरलेली आहे, मुले अजून चार आठवडे नकोत, आणि तेव्हा मी स्वतः बोलवीन. त्यांना राग येणार नाही. पण तेवढ्यावर थांबू नका, त्यांना काम द्या. गावच्या पंचायतीचे साप्ताहिक पत्रक त्यांच्याकडे नक्की येत असेल, ज्यात कचऱ्याच्या गाडीचे दिवस, मंडळांच्या सूचना आणि ज्येष्ठांचे वाढदिवस छापलेले असतात. त्यांना म्हणावे, की आठवड्यातून दोनदा या, न्हाणीघराच्या दाराबाहेर खुर्चीवर बसा आणि ते पत्रक मोठ्याने वाचा, तुमच्या बोलीत. मिंकाला हवा असलेला आवाज तुमच्या शेजारीच राहतो.

बाहेर सोडण्याविषयी तुम्ही विचारले नाही, तरी गावात सल्ला मिळेल म्हणून सांगतो: आश्रयगृहाच्या परवानगीशिवाय दारही उघडे राहू देऊ नका. भेदरलेले मांजर परतीची वाट ओळखत नाही. शिवाय या भागात हा विषय नाजूक आहे. वाल्डॉर्फच्या दक्षिण भागात 2022 च्या मे महिन्यात प्रशासनाने मांजरांना ऑगस्टअखेरपर्यंत घराबाहेर सोडण्यास मनाई केली होती, कारण तेथे तुरेवाला चंडोल जमिनीवर घरटे करतो आणि त्याच्या थोड्याच जोड्या उरल्या आहेत. नियम मोडल्यास 500 युरो आणि पक्षी मारला गेल्यास 50,000 युरोंपर्यंत दंडाचा इशारा होता. आमच्या शेजाऱ्यांत तेव्हा दोन तट पडले होते. मला त्या वेळी मांजरवाल्यांचे म्हणणे पटत होते. आता वाटते की चंडोलाला दुसरीकडे जायला माळच उरलेला नाही, आणि मांजराला घरात खेळवता येते.

सायलीचा वेल, 3 नोव्हेंबर

बरेच दिवस लिहिले नाही, क्षमस्व. कोणाला उपयोग होईल म्हणून वहीतून उतरवते.

29 सप्टेंबरला आजींना सरळ सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग त्यांनी विचारले की पत्रक वाचायचे तर चष्मा कोणता आणू, जवळचा की दोन्ही. 1 ऑक्टोबरला त्या दाराबाहेर बसल्या आणि त्यांनी कागद-पुठ्ठ्याच्या कचऱ्याच्या तारखा, गायन मंडळाच्या तालमी आणि एका हरवलेल्या छत्रीची सूचना वाचली. आतून काही आवाज आला नाही. 4 ऑक्टोबरला, खोके ठेवल्याला आठवडा होत आला असताना, आजी वाढदिवसांच्या यादीवर आल्या आणि एका नावापाशी थांबून ‘ही तर माझ्या वर्गात होती’ असे दाराला उद्देशून म्हणाल्या. तेव्हा मिंका मशीनमागून निघाली, खोक्याच्या एका दारातून शिरून दुसऱ्या दारातून बाहेर आली आणि उंबऱ्यापाशी बसली. तिचे कान आजींच्या दिशेने होते आणि शेपूट पायांभोवती गुंडाळलेली होती. आजी वाचत राहिल्या. त्यांनी तिला पहिल्याच वाक्यात ‘डू’, म्हणजे ‘तू’, म्हटले, आणि वाचून झाल्यावर उठताना मलाही म्हटले. दहा महिन्यांत प्रथमच.

पहाटे सहाचा रेडिओ मी त्याच आठवड्यात सुरू केला, एसडब्ल्यूआर 4 हे येथील प्रादेशिक केंद्र, अगदी हळू. 9 ऑक्टोबरला ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. कुकर मी महिनाभर बंदच ठेवला आणि वरण पातेल्यात शिजवले; 20 ऑक्टोबरपासून दार लावून एक शिट्टी, मग दोन. आता शिट्टी झाली की ती खोलीतून जाते, पण तीन मिनिटांत परत येते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे गेली तेव्हा तिचे सहा पाचलाच वाजले, म्हणून मी खाण्याची वेळ रोज दहा-दहा मिनिटांनी पुढे सरकवली. ट्रॅक्टर थांबले आहेत. खिडक्यांना जाळ्या लागल्या आहेत. मुले 31 ऑक्टोबरला, करंजी खायला आली आणि जमिनीवर बसली. मिंका त्यांच्यापासून दोन हातांवर राहिली आणि मी तसेच लिहून ठेवले.

काल आश्रयगृहातून फोन आला. ब्रुखसालजवळ राहणारे एक निवृत्त शिक्षक तिला नेऊ इच्छितात. ते एकटे राहतात, घरात लहान मुले नाहीत, आणि 31 डिसेंबरच्या रात्री फटाके सुरू झाले की तिला कोठे ठेवायचे हे त्यांनी स्वतःहून विचारले. त्यांना मी साडेतीन पानांची नोंद पाठवली आहे. त्यात ‘लाडकी’ हा शब्द नाही. ‘डाव्या कानामागे खाजवलेले आवडते, पोटाला हात लावू नये, पहाटे सहाला हळू आवाजात रेडिओ’ असे आहे. ते शनिवारी तिला न्यायला येतील. आजी त्या दिवशी येणार नाहीत म्हणाल्या. त्यांनी आदल्या संध्याकाळी येऊन या आठवड्याचे पत्रक पूर्ण वाचायचे ठरवले आहे.

एकच शंका आहे. तिच्या खोक्यातील माझी ओढणी आता केसांनी भरून गेली आहे. ती बरोबर द्यायची आहे. स्वच्छ धुऊन द्यावी का?

नदीकाठ, 3 नोव्हेंबर

धुऊ नका, सायली. जशी आहे तशी घडी घालून बास्केटच्या तळाशी ठेवा, आणि त्या शिक्षकांना लिहा की त्यांनीही ती महिनाभर धुऊ नये.